काळ्या टाकीवर कोळ्याचं जाळं! आधी पॉलिश की नुसतं वॅक्स?

काळी टाकी:

नमस्कार मंडळी,

गाडी सव्वा वर्षाची. टाकी काळी कुळकुळीत, म्हणजे होती. परवा चार-साडेचारच्या उन्हात गाडी लावून हेल्मेट काढत होतो, सहज टाकीकडे नजर गेली आणि पोटात गोळा आला. सूर्याचं प्रतिबिंब जिथे पडलं होतं त्याच्याभोवती गोलगोल बारीक रेषांचं जाळं. कोळ्याने रात्रभर बसून विणावं तसं. मी मान हलवली की जाळंही सरकतं. घरी येऊन पार्किंगमधल्या ट्यूबलाइटखाली बघितलं तर काहीच नाही, टाकी आरशासारखी. दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात नेली, जाळं हजर.

बायकोला दाखवलं. म्हणाली, "कुठेय?" म्हटलं, उन्हात ये. उन्हात आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "हो, आहे. मग?" इथे तरी "मग?" विचारणारं कुणी नसेल अशी आशा आहे.

जास्त राग याचा येतो की मी गाडीची हेळसांड करणाऱ्यातला नाही. रोज सकाळी निघण्याआधी टाकी, हेडलाइट, पुढचं मडगार्ड सुक्या फडक्याने पुसतो. सव्वा वर्षात चारदोन दिवस चुकले असतील. जुना सुती टी-शर्ट फाडून केलेलं फडकं सीटखाली कायम असतं. शेजारचे गृहस्थ महिना-महिना गाडीला पाणी दाखवत नाहीत. त्यांच्या टाकीवर बोटभर धूळ आहे, पण मी मुद्दाम एका कोपऱ्यात फुंकर मारून बघितलं, जाळं नाही!

आतापर्यंतचे उद्योग असे. घरात वॅक्सची बाटली होती, ती डाव्या बाजूला लावली. जाळं गायब. दोन दिवस हवेत होतो. तीनदा गाडी धुतली आणि जाळं जसंच्या तसं परत. ऑफिसातला एक मित्र म्हणतो टूथपेस्ट लावून घास. दुसरा म्हणतो रबिंग कंपाउंड आण, दहा मिनिटांचं काम आहे. मला दोघांचीही भीती वाटते.

नख फिरवून बघितलं. जाळ्यावर कुठेच अडकत नाही. फक्त टाकीच्या पुढच्या टोकाला, किल्ली लटकते तिथे, एक चरा आहे, त्यावर नख टक्कन अडतं. (जुडग्यात घराची, ऑफिसच्या कपाटाची आणि एका सायकलच्या कुलपाची किल्ली आहे. सायकल केव्हाच गेली.) टाकीच्या मागच्या भागात, जॅकेटची चेन टेकते तिथे, उभ्या रेषा आहेत. त्या जाळ्यापेक्षा ठळक दिसतात, पण नखाला लागत नाहीत.

मशीन नाही. करायचं तर हातानेच. करावं का? की आहे त्याचीही वाट लागेल?

टकाटक:

वॅक्सच मार रे, दर पंधरा दिवसांनी. मग जाळं दिसतच नाही ना? झालं तर.

दोन स्ट्रोक:

टूथपेस्टला +१. पांढरी घ्या, जेल नको. मी जुन्या गाडीच्या हेडलाइटला लावली होती, लख्ख झाला.

जुना रंगारी:

टूथपेस्ट बाथरूममध्ये परत ठेवून या, मग पुढचं वाचा.

बावीस वर्षं गाड्या रंगवल्या. आता गुडघे बोलतात म्हणून बंद केलं, पण कुणी टाकीला टूथपेस्ट लावतो म्हटलं की अजून हात शिवशिवतात. दात आणि लॅकर यात फरक आहे हो. दाताचं एनॅमल ही शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू. तिला झेपेल अशी पूड टूथपेस्टमध्ये असते. ती लॅकरवर घासलीत की आधीचे चार चरे पुसट होतात आणि नवे चाळीस येतात. काळ्यावर ते चरे म्हणून दिसत नाहीत, टाकी नुसती धुरकट दिसते, आणि माणूस म्हणतो "गेलं!" हेडलाइटचं प्लॅस्टिक आधीच पिवळं पडलेलं असतं म्हणून तिथे खरवडून फरक दिसतो. दोन स्ट्रोक, त्या हेडलाइटवर एक संरक्षक कोटिंग होतं, ते राहिलं असेल तर तेही तुम्ही घासून काढलंत. लवकरच पुन्हा पिवळा पडेल.

आता काळी टाकी. तुमच्या टाकीच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर काळा रंग आणि त्यावर क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगी लॅकर. तुम्हाला जो काळा दिसतो तो या लॅकरच्या काचेतून दिसतो. कारखान्यातून आलेल्या रंगात हा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे एका केसाच्या जाडीपेक्षा कमी लॅकरवर आपला सगळा खेळ. तुमचं जाळं त्याच्याही अगदी वरच्या कातडीत आहे, रंगाला धक्का लागलेला नाही.

रेषा गोल नसतात, ही आणखी एक गंमत. वेड्यावाकड्या, सगळ्या दिशांना गेलेल्या असतात. त्यातल्या ज्या प्रकाशाला आडव्या पडतात तेवढ्याच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात आणि मान हलवली की ती सरकतात. सूर्य म्हणजे एका ठिकाणाहून येणारा प्रकाश. ट्यूबलाइटचा प्रकाश पसरट, तो सगळं झाकतो. रात्री दिवे घालवून मोबाईलचा टॉर्च टाकीवर धरा, सगळी कुंडली दिसेल. काम करतानाही तोच धरायचा.

तुमच्या शेजाऱ्याचं कौतुक मला आवडलं, कारण उत्तर त्यातच आहे. धूळ नुसती बसून चरे पाडत नाही. ती घासली की पाडते. रात्रभर टाकीवर बसलेल्या धुळीत बारीक वाळू असते, आणि तुम्ही रोज सकाळी ती सुक्या फडक्याखाली दाबून टाकीभर फिरवलीत. सव्वा वर्ष, म्हणजे साडेचारशे वेळा. सीटखाली ठेवलेल्या फडक्यात ती वाळू जमून राहिलेली. ते फडकं एव्हाना पॉलिश पेपर झालेलं असणार.

वॅक्सने जाळं का गेलं आणि का परत आलं? वॅक्स म्हणजे पांघरूण. चऱ्यांच्या खाचा भरतं, खाचेच्या कडांवरून प्रकाश उसळत नाही, म्हणून दिसत नाही. धुतलं की उतरतं. टकाटक म्हणतात तसं दर पंधरा दिवसांनी लावत बसलात तर माझी ना नाही, पण लावताना रोजच्यासारखं धुळीवरच घासाल तर पांघरुणाखाली जखम वाढत राहील. पॉलिश म्हणजे रंधा. खाच भरत नाही, आजूबाजूचं उंच लॅकर खाचेच्या तळापर्यंत खाली आणतं. गेलं ते कायमचं गेलं, चरेही आणि लॅकरही. म्हणून नखाला लागणाऱ्या किल्लीच्या चऱ्याच्या मागे लागू नका. तो काढायचा तर त्याच्या खोलीइतकं आजूबाजूचं सगळं लॅकर उतरवावं लागेल. उन्हापासून रंग वाचवणारी द्रव्यं त्या लॅकरमध्येच असतात. फार पातळ केलंत की काही वर्षांनी पापुद्रे सुटायला लागतात, मग ते पॉलिशने नाही, रंगकामाने भरून येतं. त्या चऱ्यात आतला पत्रा दिसत असेल तर मात्र टच-अप रंगाचा एक थेंब लावा, गंज धरेल नाहीतर.

हाताने होतं का? जाळं होतं. वेळ लागतो, दंड भरून येतात, पण होतं. माझं ऐकाल तर असं करा.

गाडी थंड हवी. चालवून आल्या आल्या नाही, उन्हात तर नाहीच. टाकीवर हात ठेवा, गार लागली पाहिजे. आधी नुसत्या पाण्याच्या धारेने धूळ वाहून जाऊ द्या, हात लावू नका. मग दोन बादल्या, एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, टाकीवरून एक हात फिरवायचा, साध्या पाण्यात खळबळायचा, पुन्हा शाम्पूत. वरून खाली यायचं. चाकं आणि इंजिन शेवटी, आणि त्यांचं फडकं वेगळं. एरवी भांड्यांचा साबण नको, वॅक्स उतरवतो. आज उतरवायचंच आहे, तरी मी शाम्पूच वापरतो, सवय.

वाळल्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून टाकीवरून बोटं फिरवा. नुसत्या बोटाला जे लागत नाही ते पिशवीतून लागतं. खरखर जाणवली तर क्ले घ्या, म्हणजे रंगावर चिकटलेले कण उचलणारा मऊ गोळा, आणि भरपूर पाणी-शाम्पू मारून हलक्या हाताने फिरवा. क्ले जमिनीवर पडला तर तो गेला. चोळून-मळून पुन्हा वापरायचा नाही, त्याच्या पोटात खडे असतात.

मग मास्किंग टेप. टाकीच्या झाकणाभोवती, स्टिकरच्या कडांना, जवळच्या काळ्या खडबडीत प्लॅस्टिकला. आणि टाकीला जिथे जिथे धार आहे, कंगोरा आहे, तिथे टेप हवीच. हे मी ठळक अक्षरांत लिहिलं असतं. रंग ओला असताना धारेवरून ओघळून दोन्हीकडे जातो, म्हणून धारेवर थर सगळ्यात पातळ, आणि पॅड दाबला की दाब सगळा धारेवरच येतो. मी नवशिका असताना एका लाल टाकीवर मशीन चालवत होतो. बाजूला एक सुंदर कंगोरा होता. लक्ष क्षणभर दुसरीकडे गेलं, तीन सेकंद असतील. परत बघितलं तर लाल कंगोऱ्यावर पेन्सिलच्या टोकाएवढा राखाडी ठिपका. प्रायमर. मी बोटाने पुसून बघितला, जणू डाग आहे. उस्ताद मागे उभे होते. काही बोलले नाहीत, फक्त मशीनची वायर काढली आणि हातात सॅंडपेपर दिला. ती अख्खी टाकी मी परत रंगवली.

पॉलिश बारीक घ्या, फिनिशिंगचं. कंपाउंड लांब ठेवा, जाळ्यासाठी कंपाउंड म्हणजे डासाला दांडकं. सगळ्यात मऊ औषध आधी, त्याने भागलं नाही तरच पुढचं. आणि अख्ख्या टाकीला हात घालू नका. बाजूला, पटकन नजरेत न येणारी तळहाताएवढी जागा घ्या, तिथे पूर्ण प्रयोग करा, टॉर्चखाली बघा, मग पुढे जा.

फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. पॅड सपाट तळव्याखाली धरा, बोटांनी दाबू नका. बोटांनी दाबलं की बोटांच्याच रेषा उठतात. पुढे-मागे हात फिरवा, मग त्याच जागी आडवे. पॉलिश आधी दुधाळ दिसेल, फिरवत गेलात की पातळ होत जवळजवळ पारदर्शक होईल, तिथे थांबायचं. सुकेपर्यंत घासायचं नाही. मऊ मायक्रोफायबरने टिपून घ्या. आता फडक्याकडे बघा. पांढरट आलं तर लॅकरच निघतंय, ठीक. काळं आलं तर तिथल्या तिथे थांबा. म्हणजे वर लॅकर नाही, किंवा संपलंय. जुन्या एकेरी रंगाच्या गाड्यांवर असं येतंच, तुमच्या सव्वा वर्षाच्या गाडीवर यायला नको.

पॉलिशमध्येही तेलं असतात, तीही खाचा भरून फसवतात. म्हणून एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाच-सहा भाग पाणी असं मिसळून त्या जागेवरून एकदा पुसा. मग टॉर्च. आता जे दिसेल ते खरं. जाळं निम्म्याहून जास्त गेलं असेल तर आणखी एक फेरी मारा. ऐंशी टक्के गेलं की थांबा. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी लॅकर खर्ची घालणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्या गाड्या उन्हात फार सुंदर दिसतात आणि ते गाडी उन्हात नेत नाहीत.

वॅक्स सगळ्यात शेवटी. थर इतका पातळ की लावलंय की नाही शंका यावी. जाड लावलं तर जास्त टिकत नाही, फक्त पुसताना घाम निघतो. धूसर झालं की एका बोटाने रेघ ओढा. रेघ स्वच्छ उमटली तर पुसायला तयार, फरफटली तर थांबा. कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून येतं, नैसर्गिक मेणांत सगळ्यात टणक, ८२ ते ८६ अंशांना वितळतं. चमक ऊबदार येते, पण टिकतं महिना-दोन महिने. कृत्रिम सीलंट जास्त महिने टिकतं. माझं मन कार्नौबावर आहे, पण रोज बाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीला सीलंटच लावा म्हणेन.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. सीट, मुठी, फूटरेस्ट, टायर आणि ब्रेकची डिस्क, यांना वॅक्स किंवा चकाकी आणणारा स्प्रे लागू द्यायचा नाही. स्प्रे मारणार असाल तर डिस्कवर पिशवी बांधा. चुकून लागलाच तर ब्रेक क्लीनरने डिस्क पुसल्याशिवाय गाडी हलवू नका.

काळी टाकी:

काका, साष्टांग. वाचनखूण साठवली. "साडेचारशे वेळा" वाचून सीटखालचं फडकं काढून उन्हात धरलं. खरंच चमकतंय हो, बारीक कण.

तीन शंका. साइड पॅनेल प्लॅस्टिकची आहेत, तिथेही हेच? टाकीवर दोन्हीकडे स्टिकर आहे, त्याच्यावरून पॉलिश चालेल? आणि हेडलाइटच्या वरचा छोटा भाग मॅट काळा आहे, त्यावरही चरे आहेत.

तीन इंची पॅड:

काकांच्या उत्तरात मी थोडी भर घालते. माझ्याकडे छोटं डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) पॉलिशर, म्हणजे पॉलिश करायचं मशीन आहे, तीन इंची पॅडचं, आणि गेली काही वर्षं घरातल्या तिन्ही गाड्या मीच करते.

मॅटचं आधी सांगते, कारण तिथे चूक दुरुस्त होत नाही. मॅटला पॉलिश अजिबात नाही. मॅट दिसतं ते पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत असल्यामुळे. घासलंत की तो गुळगुळीत होतो आणि तिथे चकचकीत चट्टा पडतो, तो परत मॅट होत नाही. साधं वॅक्सही नको, मॅटसाठीचं वेगळं मिळतं. तिथले चरे आहेत तसे सांभाळा.

प्लॅस्टिक पॅनेलवर लॅकर तेच, पण खालचं प्लॅस्टिक उष्णता पसरवत नाही. पत्रा करतो. हाताने करताना फरक पडत नाही. मशीनने मात्र एका जागी रेंगाळलात तर रंग तापून मऊ पडतो. मी दर फेरीनंतर हाताच्या मागच्या बाजूने पॅनेल चाचपून बघते. गरम लागलं की दुसरीकडे जाते. थर मोजायचं साधं यंत्रही प्लॅस्टिकवर चालत नाही, त्याला खाली धातू लागतो. म्हणजे टाकीवर आकडा तरी कळतो, पॅनेलवर अंदाजच.

स्टिकरच्या कडेवरून नख फिरवा. कड लागली नाही तर स्टिकर लॅकरखाली आहे, वरून पॉलिश चालेल. कड लागली तर स्टिकर वर आहे, टेप लावून वगळा. पॉलिश कडेखाली शिरलं की तिथे पांढरी रेघ बसते आणि ती कायम डोळ्यात खुपते.

एका बाबतीत काकांशी माझं जमत नाही. काही गाड्यांचं लॅकर इतकं टणक असतं की हाताने तासभर घासून दंड दुखतात आणि जाळं तसंच. तिथे छोटं डीए खूप सोपं. पॅड गोल फिरताना हेलकावेही खातो, त्यामुळे एका जागी जळण्याची भीती कमी. नुसता गोल फिरणारा रोटरी मात्र नवशिक्याने हातात घेऊ नये. त्याने जाळं जातं आणि त्याजागी उन्हात पंख्याच्या पात्यांसारख्या लाटा दिसतात.

जुना रंगारी:

रोटरीबद्दल बाईंचं बरोबर आहे. मी आयुष्यभर रोटरीच वापरला आणि पहिली दोन वर्षं लाटाच काढत होतो. डीए चांगलं, पण काळी टाकी म्हणतात मशीन नाही. एका टाकीसाठी मशीन आणणारा माणूस दुसऱ्या रविवारी शेजाऱ्याची गाडी करतो आणि तिसऱ्या रविवारी फ्रिज.

तीन इंची पॅड:

फ्रिजचं कसं कळलं तुम्हाला?

नवा रंग:

मधेच विचारतो, क्षमस्व. माझी टाकी नुकतीच पुन्हा रंगवून घेतली. वॅक्स लगेच लावू का?

जुना रंगारी:

नका लावू. हवेवर सुकलेल्या रंगातून द्रावक कितीतरी दिवस बाहेर पडत असतं, वरून वॅक्सचं झाकण नको. भट्टीत भाजला असेल तर लवकर चालतं. ज्याने रंगवलं त्याला विचारा. तो काही सांगत नसेल तर साठ दिवस नुसत्या पाण्याने धुवा आणि पक्ष्यांच्या विष्ठेकडे लक्ष ठेवा. ती दिसली की तिथल्या तिथे ओल्या फडक्याने मऊ करून टिपायची, खरवडायची नाही. पेट्रोल भरताना सांडलेलंही लगेच.

काळी टाकी:

मंडळी, काम झालं. कागदोपत्री अहवाल देतो.

सकाळी सातला सुरुवात, साडेअकराला संपलं. त्यात अर्धा तास टेप लावण्यात गेला. टाकीच्या मधोमध उभी टेप लावली आणि आधी फक्त डावी बाजू केली, म्हणजे तुलना करता येईल. पहिल्या फेरीत काही फरकच दिसेना. काकांना मनातल्या मनात चार शब्द बोललो. मग लक्षात आलं, मी पॅडवर पॉलिश एवढं घेतलं होतं की पॅड नुसता घसरत होता. वाटाण्याएवढे थेंब सांगितले होते, मी लिंबाएवढे घेतले होते. पॅड धुऊन, वाळवून, तीन थेंबांवर आलो, आणि दुसऱ्या फेरीच्या शेवटी दुधाळ रंग पातळ होताना दिसला. पुसलं, अल्कोहोलच्या पाण्याने पुन्हा पुसलं, टॉर्च धरला. टॉर्चचा ठिपका एकटा! भोवती दोन-चार तुटक रेषा, बस्स. टेपच्या उजवीकडे तोच टॉर्च नेला की जाळं, डावीकडे आणला की नुसता ठिपका. हा खेळ मी पाच मिनिटं तरी केला.

फडकं एकदा हातातून जमिनीवर पडलं. उचललं, झटकलं आणि लावणार इतक्यात क्लेबद्दलचं वाक्य आठवलं. बाजूला टाकलं. दुसरं घेतलं, चौघडी घातली, म्हणजे आठ बाजू मिळतात, हे आपलं आपणच शोधून काढलं. त्याच्यावरचं लेबल आधी कात्रीने कापलं.

जॅकेटच्या चेनच्या रेषा अर्ध्याच गेल्या. तिसरी फेरी मारावीशी वाटत होती, पण केसाची जाडी आठवून हात आवरला. किल्लीचा चरा तसाच आहे, पत्रा दिसत नाही. जुडग्यातून गाडीची किल्ली एकटी काढली. सायकलची किल्ली टाकून दिली.

एक घोळ झाला. टाकीखालच्या खडबडीत प्लॅस्टिकची टेप वॅक्सच्या आधीच काढली (पॉलिश झालं, आता कशाला, असं वाटलं). वाळल्यावर पांढरे डाग. ओल्या फडक्याने जाईनात. शेवटी मुलीच्या कंपासमधलं पांढरं खोडरबर घेऊन खोडले, निघाले. खोडरबराचे बारीक तुकडे मऊ टूथब्रशने झाडले. तर टूथपेस्ट नाही, पण टूथब्रशचा उपयोग झाला, दोन स्ट्रोक यांनी नोंद घ्यावी.

दुपारी बायकोला उन्हात नेलं. काही सांगितलं नाही. तिने दोन मिनिटं टाकीकडे बघितलं आणि म्हणाली, "ही माझ्या केसांत पांढरा कधी आला?" म्हणजे टाकीत दिसला तिला. मी याला यश समजतो.

आता रोजचं काय, एवढं सांगा. सकाळी धूळ तर बसणारच. टी-शर्टचं फडकं बाद केलं, चेन पुसायला ठेवलंय.

जुना रंगारी:

लिंबाएवढे! बरं.

सकाळची धूळ असू द्या. अगदीच राहवत नसेल तर क्विक डिटेलर नाहीतर वॉटरलेस वॉशचा फवारा भरपूर मारा, मिनिटभर थांबा, आणि मायक्रोफायबर नुसतं वरून ओढत न्या, दाब फडक्याच्या वजनाएवढाच. एक बाजू मळली की घडी उलटी करा. आठ बाजू तुम्हाला माहीतच आहेत. चिखलाचे शिंतोडे असतील तर हेही नाही, सरळ पाणी मारायचं.

गाडीवर कव्हर घालत असाल तर धुळीवर घालू नका. वाऱ्याने कव्हर फडफडलं की रात्रभर तेच फडकं टाकीवर फिरतं. टाकीवर चुंबकाची बॅग लावत असाल तर तिच्या खालचा भाग रोज झटका.

मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचे तंतू बुजतात. आणि चेन पुसलेलं ते टी-शर्टचं फडकं टाकीच्या फडक्यांबरोबर एका बादलीत भिजवू नका. हे मी उगाच सांगत नाही, आमच्याकडे असं एकदा झालंय.